सुटे कोयंडे

रात्री सव्वादोनला वॉर्डातून नळी आली.
चिठ्ठीवर: देवका भोये, वय बावीस, मुक्काम सुरगाणा,
एकतीस आठवडे, दाब एकशे सत्तर, एकशे दहा.
खाली छापील रकाना, वार.
बारा वाजून गेल्याचं लक्षात न घेता
कुणीतरी घाईत लिहिलेलं: गुरु.

या वेळी त्र्यंबक नाक्यावर फक्त भाजीचे टेम्पो.
लॅबमध्ये फ्रिजची घरघर,
आणि नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र,
जे लाल खाली बसवतं
आणि वर ठेवतं वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी.

आज ते गुलाबी आलं. पेशी फुटलेल्या.
पुन्हा घ्या, मी फोनवर म्हटलं.
तूच ये, सिस्टर म्हणाली, शिर सापडत नाही.

सापडणार कशी.
सूज मनगटाच्या वर चढलेली,
बोट दाबलं की खळगा राहतो
आणि नाइलाजाने, सावकाश भरतो.
पायात जोडवी रुतलेली;
पंखे दुरुस्त करायच्या पकडीने
सिस्टर ती तोडत होती.
देवका छताकडे बघत होती.
डोळ्यांपुढे काजवे, म्हणाली.
मग माझ्याकडे वळून: बाई, रगतात काय दिसतं?

मी म्हटलं, निरोप पोचतोय की नाही, ते.

बाकीचं तिला कसं सांगणार,
की बाळाची वार
(तीच, जी आपण जमिनीत पुरतो आणि विसरतो)
आईच्या रक्तात निरोपे पाठवते:
वाटा रुंद करा, भिंती मऊ ठेवा.
निरोप्याच्या हातात कडी,
वाहिनीच्या भिंतीला कोयंडा.
कडी बसली की वाट मोकळी.
पण वार गुदमरली
की ती कोयंडेच सोडून देते रक्तात,
दार नसलेले, भिंत नसलेले, ढिगाने.
निरोप्या भेटेल त्यात कडी अडकवतो
आणि थांबतो तिथेच, काम झालं समजून.
भिंती आवळत जातात.
मशीन मोजतं, सुटे कोयंडे किती, निरोपे किती,
आणि एकाला दुसऱ्याने भागतं.

माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे.
नाशिकरोडच्या स्टुडिओतला, अठ्ठ्याऐंशी सालचा.
मोगऱ्याचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य,
मागे रंगवलेलं तळं.
चेहरा भरलेला, पापण्या जड.
आत्या अजून सांगते, काय तेज आलं होतं तिच्यावर!
फोटो हातात घेतला
की माझ्या अंगठ्याखाली तिचा गाल येतो.
कागदाला खळगा पडत नाही.

तीन आठवड्यांनी झटके.
दातांत चमचा, उंबऱ्यावर लिंबू,
आणि मी, सव्वा किलोची, कापसात.
तेव्हा कोयंडे मोजायला काही नव्हतं.
दाब मोजायला होतं.
कुणी मोजला नाही.

तीन बावन्न. आकडा आला: एकशे चौतीस.
पंच्याऐंशीच्या वर गेलं
की वाट बघायला फार दिवस उरत नाहीत.
मी कंट्रोल पुन्हा लावून पाहिला.
तोच आकडा.
डॉक्टर निरगुडे फोनवर क्षणभर गप्प,
मग म्हणाल्या, फुप्फुसांचं इंजेक्शन एक झालंय,
दुसऱ्यापर्यंत टिकू दे.
वर मॅग्नेशियमची बाटली लागली असेल.
लॅबला त्या बाजूची खिडकी नाही.
माझ्याकडे आकडे येतात. माणसं पुढे कुठे जातात,
ते कुणी कळवत नाही,
मीही विचारत नाही. आज विचारावंसं वाटलं.

सहाला सिस्टर खाली आली,
नमुन्याच्या पाकिटात चांदीचे चार तुकडे घेऊन.
नवरा पहिल्या बसने निघालाय,
कुलपाचं कपाट तुझ्याकडेच आहे, ठेव.
पाकिटावर तोच छापील मजकूर.
नाव. वय.
वार.
पेन तिथे जरा जास्तच वेळ टेकलं,
शाईचा ठिपका पडला.
ठिपक्याला लागूनच मी लिहिलं,
शुक्रवार.